बेटाला वळसा

पाण्याची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती. यवतमाळला आमच्या गल्लीत तेव्हा नळ कधी तिसऱ्या, कधी पाचव्या दिवशी यायचा. तो आला की आई हातातलं काम टाकून ड्रम, बादल्या, गुंड भरायची, आणि ते सगळं भरून झालं की चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आंघोळीला अर्धी बादली हा घरचा कायदा होता आणि कचेरीत हेडक्लार्क असलेले बाबाही तो पाळायचे. पोहायला आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. त्याची कधी गरज पडेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ, दादा, शाखा अभियंता होता. त्याची बदली आर्णीच्या पलीकडच्या एका धरणावर झाली. त्यानं फोनवर सांगितलं की क्वार्टरच्या खिडकीतून पाणीच पाणी दिसतं, मधे एक बेट आहे, जुन्या गावाच्या टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिला आहे आणि त्यावर देवीचं ठाणं आहे. नावेतून बेटाला वळसा घालून येता येतं, असंही तो म्हणाला. बाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी आईला विचारलं, की होळीच्या आधी एखादा रविवार मोकळा आहे का.

दादाचं लग्न होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. वहिनी राळेगाव तालुक्यातली. तिचे वडील आमच्याच नात्यातले, पण आमच्याकडे दोन पिढ्या नोकरी आणि त्यांच्याकडे कास्तकारी. ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं आणि बाबा ते पान मुकाट्यानं उलटायचे. लग्न फार साधं झालं. आईनं त्याबद्दल वहिनीला कधी एक शब्द ऐकवला नाही, पण वहिनी ‘मले’ म्हणाली की आई भाजी निवडता निवडता, वर न पाहता, ‘मला’ म्हणायची. वहिनी तेच वाक्य पुन्हा ‘मला’ लावून म्हणायची. क्वार्टर मिळेपर्यंत आठ महिने ती आमच्याकडेच होती आणि आठही महिने हे चाललं होतं.

ती माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी होती. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तिचा डी.एड.ला नंबर लागला होता, पण त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि ते राहून गेलं. दुपारी कामं आटोपली की ती माझ्या टेबलावरची पुस्तकं चाळत बसायची. मला ते आवडायचं नाही. मी काही बोलायचे नाही, फक्त पुस्तकं उचलून दुसरीकडे ठेवायचे. या माझ्या वागण्याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती, हेही इथे सांगितलेलं बरं.

फाल्गुनातल्या एका शनिवारी आम्ही तिघं एस.टी.नं आर्णीपर्यंत आणि तिथून दादानं पाठवलेल्या जीपनं धरणावर गेलो. रस्त्यात दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची वाळलेली झाडं उभी होती. काही शेतांत कापूस वेचायचा तसाच राहिलेला दिसत होता. मग जीप एक चढ चढली, आणि समोर एकदम पाणी आलं. आई ‘अग बाई’ म्हणाली आणि तिनं पदर नीट केला, जसं कोणी मोठं माणूस समोर आल्यावर करतात. बाबा जीपमधून उतरून भिंतीच्या दगडांवर जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत.

रविवारी सकाळी वारा होता. क्वार्टरमागच्या बाभळी एका बाजूला वाकून सरळ होत होत्या. दादानं आदल्या दिवशीच एका मासेमाराला सांगून ठेवलं होतं. तो पन्नाशीचा असेल. त्याचा बंजाऱ्यांचा तांडा धरणात गेला होता, जमीन गेली होती, आणि तेव्हापासून तो मासेमारीच्या संस्थेत होता. त्याच्या वडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, त्यानं शेती केली आणि आता मासे धरतो, असं त्यानं बाबांना चहा पिताना सांगितलं. त्याची नाव लाकडी होती, लांब आणि सपाट बुडाची. मधे बांबूची काठी उभी केलेली, आणि तिला खताच्या रिकाम्या पोत्यांचं शिवून केलेलं शीड. तो त्याला पाल म्हणायचा. नावेत मागच्या बाजूला ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब दोरानं बांधून ठेवली होती.

तो दादाला म्हणाला, “साहेब, आज ऱ्हाऊ द्या. वारा फिरून राह्यला. एक बाजूनं येत नाही.”

दादानं त्याला समजावलं की बाबांना आज दुपारीच परत जायचं आहे, पुन्हा कधी येणं होईल सांगता येत नाही, आणि जायचं तरी कितीसं, बेटाला एक वळसा. तो गडी थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. दादा साहेब होता. त्याच्या सहीशिवाय संस्थेची कामं होत नसत. शेवटी त्यानं चपला काठावर काढून ठेवल्या आणि नाव पाण्यात लोटली.

आईनं यायचं नाही म्हटलं. तिला पाणी पाहूनच गरगरत होतं. ती डब्यांची पिशवी घेऊन बाभळीखाली बसली. वहिनीलाही यायचं नव्हतं असं मला वाटतं. तिनं आईजवळ थांबते म्हणून पाहिलं, पण आई म्हणाली, जा, नवऱ्याचं धरण आहे, पाहून ये. म्हणून ती आली.

जाताना काहीच झालं नाही. उलट इतकं छान वाटलं की मला माझंच नवल वाटलं. पाल फुगली आणि नाव कोणी ढकलल्यासारखी सरसर निघाली. वल्ह्याचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही, फक्त बुडाखाली पाणी चुबुक चुबुक करत होतं. दादा काठीजवळ पुढे बसला होता, बाबा मधल्या फळीवर दोन्ही हातांनी फळी धरून, आणि मासेमार मागे सुकाणूचं वल्हं धरून. आम्हा दोघींना त्यानं वाऱ्याकडच्या अंगाला, काठाला लागून बसवलं होतं, म्हणजे नाव फार कलणार नाही. वहिनी माझ्या डाव्या हाताला होती. तिनं आंब्याच्या रंगाची सुती साडी नेसली होती आणि पदर कमरेला खोचला होता. बाबा मधेच मागे वळून म्हणाले, की आपण बसलोय त्याच्या खाली एक गाव आहे. मासेमारानं फक्त मान हलवली.

बेटाच्या आडोशाला वारा एकदम पडला. आम्ही उतरलो. देवीच्या ठाण्यावर नारळ फोडला. मासेमारानं देवीपुढे डोकं टेकलं आणि त्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. मला त्यातला ‘याडी’ एवढाच शब्द कळला, त्यांच्यात आईला याडी म्हणतात. वहिनीनं खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. मला देताना तिनं विचारलं, परीक्षा कधी आहे. मी सांगितलं. एवढंच आमचं बोलणं झालं.

परत येताना उरलेला अर्धा वळसा पूर्ण करायचा होता. बेटाचं टोक ओलांडलं आणि वारा आला. तो समोरून आला की मागून, मला सांगता येत नाही. पाल एका बाजूला फुगलेली होती ती फाटकन आवाज करून दुसऱ्या बाजूला गेली, आणि आमची बाजू, जी इतका वेळ वर होती, ती एकदम खाली गेली. माझा पाय फळीत अडकला म्हणून मी आत राहिले. माझ्या डाव्या बाजूला वहिनी होती, ती नव्हती.

ओरडण्याचा आवाज आला नाही. मी वळून पाहिलं तर काठावर दोन हात होते. तिनं नावेचा काठ धरला होता. डोकं पाण्यावर होतं, केस तोंडावर आले होते, आणि ती माझ्याकडे पाहत होती. आमच्यामध्ये हातभराचं अंतर असेल.

मासेमार ओरडला, “पल्याडच्या अंगाले व्हा.” बाबा फळीवरून घसरून पलीकडच्या काठाला गेले. दादा पुढे पालीखाली सापडला होता. ओली पोती त्याच्या अंगावर पडली होती आणि तो ती बाजूला सारायला धडपडत होता. मासेमार गुडघ्यावर बसून पालीचा दोर विळ्यानं कापत होता. दोर प्लास्टिकचा होता, ओला होता, लवकर कापला जात नव्हता. आणि आमच्या बाजूचा काठ पाण्याच्या इतका जवळ होता की प्रत्येक लाटेला पाणी आत येत होतं. माझ्या मांडीपर्यंत पाणी आलं. मला स्पष्ट दिसलं की तिचा भार या बाजूला आहे तोवर नाव वर येणार नाही.

वहिनी म्हणाली, “ताई, मले धरा.”

मी तिची बोटं सोडवली.

हे वाक्य मी आज लिहिते आहे तितकं ते सोपं नव्हतं, पण फार अवघडही नव्हतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. तिची पकड घट्ट होती. मी आधी उजव्या हाताची करंगळी उचलली, मग बाकीची एकदम. लहान मुलाच्या मुठीतून एखादी वस्तू काढून घेताना करतो तसंच. डाव्या हाताला फार वेळ लागला नाही. या सगळ्यात ती माझ्याकडे पाहत होती. तिनं आणखी काही म्हटलं नाही. हात सुटल्यावर तिचं डोकं पाण्याखाली गेलं आणि आंब्याच्या रंगाचा पदर थोडा वेळ वर राहिला.

नाव वर आली. त्याच क्षणी, किंवा त्याच्या एखाद-दोन क्षण आधी, दोर तुटला आणि पाल सैल झाली. नाव कशानं सावरली हे मला आजही माहीत नाही. मी पाच श्वास थांबले असते तर ती आपोआप सावरली असती, असंही असू शकतं. हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे की आता त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

मासेमारानं ट्यूब पाण्यात फेकली, एक दोर कमरेला बांधला, दुसरं टोक बाबांच्या हातात दिलं आणि सोडू नका एवढं सांगून उडी मारली. बाबा फळीला पाय लावून बसले आणि त्यांनी तो दोर धरला. ते डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, पण त्यांनी दोर सोडला नाही. नंतर पाहिलं तर दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. दादा पालीतून बाहेर आला, त्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तो वहिनीला हाका मारायला लागला. मासेमार दोनदा खाली जाऊन आला. तिसऱ्यांदा तो वर आला तेव्हा त्याच्या हातात तिची वेणी होती.

तिला ट्यूबवर टाकून त्यानं ट्यूब नावेला बांधली, वल्हं मारत नाव जवळच्या बेटाला लावली आणि दादाबरोबर तिला काठावर ओढलं. तिथे त्यानं तिला पालथं घातलं, पाठ दाबली. “याडी, उठ. उठ याडी,” एवढंच तो म्हणत होता. तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग उलटी झाली, मग ती खोकायला लागली. दादा खाली बसला आणि ढसाढसा रडला. बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मी नावेतच बसून होते. मला कोणी बोलावलं नाही. माझी बोटं मी मांडीखाली दाबून ठेवली होती.

वारा पडायला तास-दीड तास लागला. तोवर आम्ही देवीच्या ठाण्यामागे बसून होतो. वहिनीला थंडी वाजत होती, दादाचा शर्ट तिच्या अंगावर होता. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहत होते की ती आता सांगेल. आता सांगेल. तिनं सांगितलं तर काय म्हणायचं हे मी ठरवत होते, आणि मला सुचलं ते असं, की मी म्हणेन, मी तिला वर ओढायला गेले आणि हात निसटला. असं खोटं माझ्या डोक्यात इतक्या सहज तयार झालं याचा मला धक्का बसला. एका सकाळीत मी स्वतःला दुसऱ्यांदा नव्यानं पाहत होते.

पाल नव्हती, म्हणून वल्ह्यांनीच परत आलो. आईनं लांबूनच नाव ओळखली होती आणि ती पाण्यात पोटऱ्यांपर्यंत येऊन उभी होती. पाणी पाहून गरगरणारी आई. तिनं वहिनीला आधी चाचपून पाहिलं, मग मला, मग दादाला विचारलं काय झालं. दादाला नीट सांगता येईना. तो पालीखाली होता. बाबा म्हणाले, मी डोळे मिटले होते. मग आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी वहिनी बोलली. तिचा आवाज बसला होता.

“मी पडली तवा ताईनं माझा हात धरून ठेवला होता,” ती म्हणाली. “लय वेळ धरला. म्हणून मी वाचली.”

आईनं मला छातीशी ओढलं. तिथे सगळ्यांसमोर, मासेमारासमोर, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी तिच्या खांद्यावरून वहिनीकडे पाहिलं. ती खाली बसून पायाची ओली माती पुसत होती. तिला भास झाला असेल, असं मला वाटलं. नाकातोंडात पाणी गेल्यावर माणसाला काही भलतंच आठवत असेल. मी त्या वाटण्याला घट्ट धरलं. मासेमार माझ्या मागे बसलेला होता, त्यानं काय पाहिलं असेल याची मला धास्ती होती. पण तो दादाशीच बोलत होता. मी तुमचं ऐकाले नको होतं साहेब, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दादा त्याच्या पायाला हात लावायला गेला तेव्हा तो मागे सरकला.

आमच्या गल्लीत ही गोष्ट आठवड्याभरात सगळ्यांना माहीत झाली. आई ती सांगताना तिच्यात भर घालायची नाही, पण ‘लय वेळ धरला’ हे शब्द ती वहिनीच्या बोलीतच सांगायची, ‘लय’चं ‘फार’ करायची नाही. शेजारच्या काकूंनी मला ओवाळलं. कॉलेजात एका सरांनी वर्गात उभं केलं. मी उभी राहिले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटत होतं आता कोणीतरी मागून म्हणेल, हे खोटं आहे, पण मागे सगळ्या माझ्या मैत्रिणीच होत्या.

पुढे मी वहिनीशी वेगळी वागायला लागले. ठरवून नाही, मला दुसरं काही करताच येत नव्हतं. तिचं डी.एड. राहिलंय हे मीच घरात काढलं. आईला पटवायला दोन महिने गेले. बाबा माझ्या बाजूनं होते. तिनं यवतमाळला राहून कोर्स पूर्ण केला, माझ्याच टेबलावर बसून. पुढे ती शाळेत लागली. तिची पहिली मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात मी होते. माझं लग्न झालं, मी अमरावतीला गेले, तरी तिच्या घरातला कुठलाही वाद माझ्यापर्यंत आला की मी तिच्या बाजूनं बोलायचे. आई एकदा चिडून म्हणाली, तू मुलगी माझी की तिची. घरात कोणी तिला काही बोलायचं धाडस केलं नाही, कारण माझा जीव तिच्यात गुंतला आहे, मी तिला मरणातून ओढलं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मी चार दिवस माहेरी गेले होते. त्या धरणावरच्या दिवसाला तोवर बरीच वर्षं होऊन गेली होती. दुपारची वेळ होती. आई आत झोपली होती. आम्ही दोघी ओट्यावर सुपं घेऊन तुरीची डाळ निवडत होतो. वहिनी शाळेतल्या कुठल्यातरी मुख्याध्यापिकेचं सांगत होती आणि हसत होती. मला अचानक ते सहन झालं नाही. मी म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी मी तुमचा हात धरला नव्हता.”

ती डाळ निवडत राहिली. “माहीत आहे मले,” ती म्हणाली. “बोटं माहेच होते.”

माझ्या हातातलं सूप खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. इतकी वर्षं मी तो भास धरून बसले होते. मी विचारलं, मग तुम्ही तसं का सांगितलं.

“काय सांगतलं असतं?” ती म्हणाली. आता तिची बोली पूर्ण राळेगावची झाली होती. माझ्याशी बोलताना ती कधीच ‘मला’ म्हणत नसे. “माह्या लग्नाले नऊ महिने झालते. तुमी घरची पोरगी. मी म्हटलं असतं का ताईनं माहे बोटं काढले, तर आईनं कोनाचं खरं मानलं असतं? तुमच्या दादानं तरी कोनाचं मानलं असतं? मले घरात ऱ्हाता आलं असतं का मंग? आन् जाचं कुठी? माह्या बापाच्या घरी त्या साली दोन्ही खोल्यांत कापूस होता, भाव वाढन म्हणून थांबून राह्यले होते. माय-बाप अंगणात निजत होते, कापसानं अंग खाजवून खाजवून. मी काय कापसावर जाऊन निजली असती?”

मी सूप खाली ठेवलं.

“बेटावर बसून मी तेच पाहात होती,” ती म्हणाली. “तुमाले वाटलं असन मी बेहोश हाव. मले समजलं का तुमी आता घाबरल्या. आन् मी एकदा चारचौघांत म्हटलं का ताईनं वाचवलं, तर तुमाले जिंदगीभर माह्याशी वाकडं वागता येनार नाही. तसंच झालं ना?”

तसंच झालं होतं. तिचं शिक्षण, तिची नोकरी, आईशी झालेली माझी भांडणं, हे सगळं मी माझ्या मनातल्या पश्चात्तापातून केलं असं मी समजत होते. आणि ती बावीस वर्षांची मुलगी, ओल्या साडीत, दादाच्या शर्टात कुडकुडत, देवीच्या ठाण्यामागे बसून माझं पुढचं सगळं आयुष्य ठरवून मोकळी झाली होती. मला राग यायला हवा होता की हायसं वाटायला हवं होतं, मला कळेना. मला फक्त थंडी वाजल्यासारखं झालं, चैत्रातल्या दुपारी.

मी विचारलं, राग नव्हता आला का.

“आला ना. दोन साल तुमचं तोंड पाहू वाटेना. मंग पोरगी झाली, तुमी दवाखान्यात रातदिवस बसल्या, मंग कमी झाला. सारा गेला असं नाही.” तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. मला वाटलं होतं ती मला थोडी मोकळीक देईल. मी म्हटलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं.

तिनं थोडा विचार केला. उगाच केल्यासारखा नाही, खरंच केला.

“मी नसते काढले, ताई,” ती म्हणाली. “बुडालो असतो सारे. पन मी नसते काढले.”

आत आई उठल्याचा आवाज आला. वहिनी उठून चहा ठेवायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, की हे त्यांना, म्हणजे दादाला, सांगू नका. त्यांना आता रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

मी सांगितलं नाही. पण त्यानंतर ते गुपित माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं, आणि विचित्र गोष्ट अशी की आमचं जास्त जमायला लागलं. ती आता मला कामं सांगायची. आधी मी होऊन करायचे, आता ती सांगायची आणि कधी मी नाहीही म्हणायचे.

गेल्या वर्षी तिच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. साखरपुड्याच्या दिवशी व्याही मंडळी घरी जेवायला होती. दादानं त्यांना आमची सगळ्यांची ओळख करून दिली आणि माझ्यापाशी आल्यावर तो थांबला. ही माझी बहीण, म्हणाला, हिच्यामुळे आज हे घर आहे. आणि त्यानं ती गोष्ट सुरू केली, वारा, पाल, बेटाचं टोक. म्हातारी झालेली आई मान डोलवत होती. नवरदेवाची आई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. वहिनी वरण वाढत होती. दादा ‘लय वेळ धरला’ या वाक्यापाशी आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“तसं झालं नव्हतं दादा. मी हात धरला नव्हता. मी सोडवला होता.”

मग दादा हसला. माझी भाची येऊन माझ्या गळ्यात पडली. “आत्याचं हे नेहमीचंच,” ती तिच्या होणाऱ्या सासूला म्हणाली, “कधी मोठेपणा घेत नाही.” सगळे हसले. नवरदेवाची आई उठून माझ्याजवळ आली आणि वयानं मोठी असूनही तिनं मला हात जोडले.

मी वहिनीकडे पाहिलं. ती वरणाचं भांडं कमरेवर धरून उभी होती. ती हसत नव्हती. तिनं माझ्या पानाकडे पाहिलं, वाकून भातावर वरण वाढलं, आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाली, “जेवा आता.”